ऑगस्टमध्ये मार्सेय आणि कासीचे कालांक: आई-बाबा आणि मुलाला घेऊन

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत राहणारं एक पुणेकर कुटुंब ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर, मार्सेय आणि कासीला येतंय. भारतातून आलेले आई-बाबा सोबत आहेत. बाबा अडुसष्ट वर्षांचे, राजगड-तोरणा अनेकदा केलेले, आणि "पाचशे मीटरच्या टेकड्यांचं काय एवढं" असं म्हणणारे. आईंचे गुडघे दुखतात. दहा वर्षांच्या मुलाला कायाक चालवायची आहे. राहायचं कुठे, कोणते कालांक (चुनखडीच्या कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) बघायचे आणि चार दिवसांचा कार्यक्रम कसा लावायचा, असं विचारलं आहे. मी मार्सेयमध्येच राहतो आणि याच डोंगरांत लोकांना वाटाड्या म्हणून नेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, वारांप्रमाणे कार्यक्रम लावूच नका. करायच्या गोष्टी पक्क्या करा, पण कुठली गोष्ट कोणत्या दिवशी हे आदल्या संध्याकाळी सहानंतर ठरवा. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात आगीच्या धोक्यानुसार या डोंगरांत प्रवेश द्यायचा की नाही हे रोज ठरतं, आणि दुसऱ्या दिवसाचा नकाशा आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास जाहीर होतो. हे डोंगर राष्ट्रीय उद्यानात येतात, त्या उद्यानाच्या 'मे कालांक' (Mes Calanques) या ॲपवर तो दिसतो. नकाशावर तुमचा भाग लाल असेल तर पायवाटा बंद. पहाटे जाऊन लगेच येतो, समुद्रापर्यंतच जातो, असली सवलत नाही. दंड १३५ युरो आहे, पण मला दंडापेक्षा आगीचं भय जास्त वाटतं. अलेप्पो पाइनचा चीक, वाळलेली रोझमेरी, गुडघाभर उंचीचा काटेरी ओक, हे सगळं ऑगस्टपर्यंत नुसतं सरपण झालेलं असतं. बऱ्याच कालांकमधून बाहेर पडायला एकच वाट असते आणि ती चढाची असते. १९९० च्या ऑगस्टमध्ये हे डोंगर जळले, त्याच्या आठवणी इथल्या लोकांच्या बोलण्यात अजून येतात.

नकाशा लाल होतो तो बहुतेक वेळा वाऱ्यामुळे. मिस्त्राल हा उत्तरेकडून-वायव्येकडून येणारा कोरडा वारा. आल्प्स आणि मध्य फ्रान्सचा डोंगराळ प्रदेश यांच्या मधल्या रोन नदीच्या खोऱ्यातून तो कोंडून येतो आणि समुद्राशी मोकळा सुटतो. आकाश निळंशार, ऊन लख्ख, हवा स्वच्छ. नवख्याला वाटतं, फिरायला याहून चांगला दिवस कुठला? नेमक्या त्याच दिवशी डोंगर बंद असतो, बोटी थांबलेल्या असतात आणि कायाक भाड्याने मिळत नाही. म्हणून हवामानाच्या अंदाजात ढग आणि पाऊस बघण्याची आपली सवय इथे कामाची नाही. वाऱ्याची दिशा आणि वेग बघा.

यावरूनच राहायचं कुठे हेही ठरतं. मी मार्सेय सुचवेन, तेही कास्तेलान किंवा प्रादो मेट्रो स्टेशनच्या आसपास. कासी सुंदर आहे, पण ऑगस्टमध्ये महाग, आणि डोंगर बंद झाला की तिथे दिवसभर करण्यासारखं फारसं उरत नाही. मार्सेयमध्ये तो दिवस वाया जात नाही. सें-शार्ल स्टेशनवरून लोकल गाडीने कासी जेमतेम अर्ध्या तासावर आहे. फक्त लक्षात ठेवा, कासीचं स्टेशन गावापासून साधारण तीन किलोमीटर लांब, वर आहे. आईंना चालवू नका, बस असते. गाडी घेऊन येणार असाल तर कासीच्या आत पार्किंग शोधत फिरू नका. गावाबाहेर गोर्गेत नावाचा वाहनतळ आहे, तिथे गाडी लावून शटल बसने बंदरावर उतरा. आणि डोंगराच्या पायथ्याच्या कुठल्याही पार्किंगमध्ये गाडीत पिशवी, जॅकेट, काही म्हणजे काही दिसेल असं ठेवू नका. काचा फोडून चोऱ्या होतात.

आता बाबांच्या म्हणण्याकडे येतो, कारण सह्याद्रीत फिरलेले बरेच जण इथे तसंच बोलतात. उंचीचा हिशोब त्यांचा बरोबर आहे. इथलं सगळ्यात उंच शिखर मों प्युजे ५६० मीटरच्या थोडं वर आहे, तोरणा १,४०० मीटर. पण राजगडावर पद्मावती तळं आहे, कातळात खोदलेली टाकी आहेत. बेसॉल्टमध्ये टाकं खोदलं की त्यात पाणी राहतं. इथला दगड चुनखडीचा. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून विरघळवत, वाट करत थेट खाली जातं. वाटांवर भरवशाचा झरा नाही, ओढा नाही, नळ नाही. ते पाणी बाहेर पडतं ते थेट समुद्रपातळीच्या खाली. कासीजवळच्या पोर मियूमध्ये एक भूमिगत नदी पाण्याखालीच समुद्राला मिळते. १९७० च्या दशकात त्या भुयारात बांध घालून गोडं पाणी मिळवायचा प्रयत्न झाला, पण पाणी खारटच राहिलं. तेव्हा ऑगस्टमध्ये माणशी तीन लिटर पाणी पाठीवर हवं. वाटेत विकत घेऊ, हा विचार सोडून द्या, कारण वाटेत दुकानच नाही. सावलीही नाहीच म्हणायची. पांढऱ्या दगडावरून परावर्तित होणारं ऊन खालूनही भाजतं, त्यामुळे टोपी असूनही हनुवटी आणि नाकपुड्या पोळतात.

दुसरी गोष्ट पकड. आपला कातळ खरखरीत, पावसाळा सोडला तर बूट धरून राहतो. इथली चुनखडी मुळात धारदार आणि खडबडीत असते, पण लाखो पायांनी घासल्या गेलेल्या वाटांवर ती पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत झाली आहे. कासीजवळ पोर पँ या कालांककडून आं-व्हो या पुढच्या कालांककडे उतरणारी वाट याचं सगळ्यात वाईट उदाहरण. सकाळच्या तिरप्या उन्हात नीट बघितलं तर वाटेच्या मधोमध दगड चकाकताना दिसतो आणि दोन्ही कडांना तो मळकट करडा असतो. पाऊल त्या करड्या भागावर टाकायचं. चकाकणारा भाग कोरडा असला तरी घसरवतो, आणि समुद्रावरून परतणाऱ्यांच्या ओल्या चपलांनी भिजला असेल तर तिथे उभंही राहता येत नाही. बाबांना हे एकदा सांगितलं की त्यांचा अनुभव कामी येईल. अशा जमिनीवर कडेने, लहान पावलांनी चालायची सवय डोंगर चढलेल्या माणसाला असतेच. सँडल मात्र नको, बूटच.

बाबांसाठी, आणि तुमच्यासाठीही, मी स्युजितों या कालांकचा सज्जा (वरून पाणी दिसतं ती जागा) सुचवतो. नकाशा लाल नसेल त्या दिवशी कास्तेलानहून बी १ बस पकडून ल्युमिनीला या. विद्यापीठाच्या आवारामागून रुंद वाट सुरू होते, खिंडीपर्यंत चढ सोपा आहे आणि तासाभरात तुम्ही सज्ज्यावर असता. खाली स्युजितोंचं हिरवं-निळं पाणी, त्यात पाणतीर-नौकेच्या आकाराचा 'तॉर्पियर' नावाचा खडक, आणि डावीकडे ग्रांद कांदेलचा सुळका. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. पहिल्या बसने या आणि दहाच्या आत परत ल्युमिनीला पोहोचा. साडेदहानंतर त्याच चढावर लाल झालेले, पाणी संपलेले लोक भेटतात, आणि दर उन्हाळ्यात अशांना आपल्या बाटलीतलं पाणी द्यावं लागतं.

सज्ज्यापर्यंत आरक्षण लागत नाही. खाली पाण्यापर्यंत उतरायचं असेल तर लागतं. २०२२ पासून ऐन उन्हाळ्यात स्युजितोंच्या किनाऱ्यावर दिवसाला ४०० जणांनाच परवानगी आहे. आरक्षण फुकट आहे, तीन दिवस आधी खुलं होतं, फोनवर क्यूआर कोड येतो आणि वाटेवर रक्षक तो तपासतात. त्याआधी गर्दीच्या दिवशी या इवल्याशा जागेत अडीच हजारांपर्यंत माणसं उतरत. उतारावरची माती पायांनी सुटून वाहून गेली, पाइनची मुळं उघडी पडली आणि झाडं वाळू लागली. तेव्हा काही स्थानिकांना हे निर्बंध जाचक वाटले होते. मला ते तेव्हाही योग्य वाटत होते. आता त्या उतारावर दोरांच्या मागे कोवळी रोपं उगवलेली दिसतात. दोर ओलांडून फोटो काढू नका, मुलालाही ते दाखवा आणि का ते सांगा. दहा वर्षांचं मूल हे बरोबर समजून घेतं.

आईंसाठी सगळ्यात चांगला दिवस कासीचा. बंदरातून बोटी सुटतात, तीन कालांकपासून आठ-नऊ कालांकपर्यंत वेगवेगळ्या लांबीच्या फेऱ्या असतात. मी पाच कालांकची फेरी घेईन. तीनच्या फेरीत आं-व्होपर्यंत पोहोचता पोहोचता परतायची वेळ होते, आणि सगळ्यात लांब फेरीत लहान मूल कंटाळतं. बोट कुठेही उतरवत नाही, फक्त आत नेऊन वळवून आणते. कोकणच्या खाड्या पाहिलेल्या माणसाला हे आकार ओळखीचे वाटतील, कारण याही बुडालेल्या दऱ्याच आहेत. समुद्र खाली होता तेव्हा पाण्याने चुनखडीत त्या कोरल्या, पुढे समुद्र वर आला आणि आत शिरला. पण कोकणात खाडीला नदी मिळते, गाळ येतो, खारफुटी येते. इथे जमिनीवरून वाहणारी नदीच नाही, म्हणून गाळ नाही, आणि पाणी इतकं नितळ की बोटीतून तळाचे दगड दिसतात. मध्येच पाण्याखाली काळपट हिरवे पट्टे दिसतील, ते पोसिडोनियाचं कुरण. हे शेवाळ नव्हे, मुळं-पानं-फुलं असलेली खरी वनस्पती आहे. तिच्यात माशांची पिल्लं वाढतात आणि नांगर टाकला की ती उपटली जाते, म्हणून मोठ्या नौकांना त्यावर नांगर टाकायला बंदी आहे.

बोट सकाळची घ्या. दुपारी लाटा वाढतात आणि आईंना उलटीचा त्रास होत असेल तर परतीचा प्रवास नकोसा होईल. बोटीनंतर बंदरावरून पर्यटकांची छोटी झुकझुक गाडी पोर मियूच्या बाजूला जाते, तिचा उपयोग करा. पोर मियू हा लांबोळका कालांक नौकांनी भरलेला असतो. त्याच्या कडेला जुन्या दगडाच्या खाणी आहेत, इथला पांढरा दगड जहाजांतून दूरदूर गेला. तिथून तुम्ही, बाबा आणि मुलगा अर्ध्या तासात पोर पँला जाऊ शकता (वाट उघडी असेल तर). छोटासा किनारा, पाइनची बरी सावली आणि मुलाला डुंबायला उथळ पाणी. आं-व्होपर्यंत या मोसमात पायी जाऊ नका. उतार वाईट, चढ भर उन्हात, आणि खाली टॉवेल टाकायला जागा नसते. पुढे कधी मार्च-एप्रिलमध्ये किंवा दिवाळीच्या सुट्टीत याल तेव्हा जरूर जा. तेव्हा आगीची बंदी नसते, गर्दी ओसरलेली असते, आणि ऑक्टोबरात पाणीही पोहण्याजोगं असतं. आं-व्होच्या उभ्या भिंतींवर तेव्हा दोरावर लोंबकळणारे प्रस्तरारोहक दिसतील. मार्सेयमध्ये १९२१ साली जन्मलेला गास्तों रेब्युफा याच कड्यांवर शिकला आणि १९५० च्या अन्नपूर्णा मोहिमेत होता.

कायाकबद्दल मला ठाम बोलायचं आहे. मुलाला जरूर न्या, दोघांच्या कायाकमध्ये, तुम्ही मागे आणि तो पुढे. पण हा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणजे मिस्त्राल जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. कड्याच्या आडोशाला पाणी अगदी शांत दिसतं. एखाद्या कालांकच्या तोंडासमोर आलात की आतून वाऱ्याचा झोत निघतो आणि कायाक बाहेर ढकलली जाते. जाताना वाटतं आपण किती सहज वल्हवतोय, आणि परत फिरल्यावर कळतं की ती वाऱ्याची कमाई होती. त्यामुळे अंदाजात मिस्त्रालचं नाव असेल तर कायाक नाही. भाड्याने देणारा "चालेल" म्हणाला तरी दुपारी वारा वाढणार आहे का हे स्वतः बघा. सकाळी सर्वात आधीची वेळ घ्या, पहिल्यांदा वल्हवणाऱ्या मुलाबरोबर पोर पँपर्यंत जाऊन परत या, आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, कायाकमध्ये टाकलेलं नाही. मार्गदर्शकासोबतचा अर्ध्या दिवसाचा गट मिळाला तर तो घ्या, पैसे वसूल होतात.

वाऱ्याचा आणखी एक परिणाम लोकांना माहीत नसतो. मिस्त्राल वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून लांब लोटतो आणि त्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. परवा २४ अंश असलेलं पाणी आज १६ अंश असू शकतं, भर ऑगस्टमध्ये. वारा पडल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे उत्साहाने किनाऱ्यावर जातात आणि पाण्यात पाय घालून थबकतात. मुलाला उंच खडकावरून उडी मारू देऊ नका, त्या थंडीने श्वास अडकतो. हळूहळू उतरू द्या.

आता मिस्त्रालचा दिवस. तुमच्या चार दिवसांत तो एकदा येऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. सकाळी नोत्र-दाम द ला गार्द या टेकडीवरच्या चर्चला जा, वरपर्यंत बस जाते. त्या दिवशीची हवा इतकी स्वच्छ असते की अख्खा किनारा आणि बेटं रेखल्यासारखी दिसतात. नंतर जुन्या बंदराजवळ कोस्केर मेदितेराने, म्हणजे चित्रं असलेल्या कोस्केर गुहेची प्रतिकृती. आँरी कोस्केर या पाणबुड्याला १९८५ मध्ये कालांकच्याच किनाऱ्यावर, मोर्जियूच्या भूशिरापाशी, ३७ मीटर खोल पाण्यात एका भुयाराचं तोंड सापडलं. लांबलचक भुयार वर चढत गेलं की कोरड्या दालनात भिंतींवर घोडे, हातांचे ठसे, सील आणि आता नामशेष झालेला मोठा ऑक पक्षी. १९९१ मध्ये त्या भुयारात तीन पाणबुडे मरण पावले, त्यानंतर हा शोध जाहीर झाला. चित्रं काढली गेली, काही २७,००० तर काही १९,००० वर्षांपूर्वी, तेव्हा समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली आणि कित्येक किलोमीटर लांब होता. खरी गुहा बंद आहे आणि तिच्यात पाणी चढतंय. २०२२ मध्ये उघडलेल्या या प्रतिकृतीत छोट्या वाहनात बसून फिरायचं असतं, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांना त्रास नाही. तिकीट आधी काढा.

तिथून बाहेर पडलात की समोर बंदराचा धक्का आणि जहाजं. ८ जुलै १९१० रोजी याच मार्सेय बंदरात उभ्या असलेल्या 'मोरिया' जहाजाच्या खिडकीतून सावरकरांनी उडी मारली, पोहत धक्का गाठला आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून परत ब्रिटिशांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. बाबांना तिथे थोडा वेळ उभं राहू द्या. भारताशी जोडलेली आणखी एक जागा ल्युमिनीच्या रस्त्यावरच, माझार्ग भागात आहे. सप्टेंबर १९१४ पासून भारतीय सैनिक मार्सेयला उतरले, आणि इथे मरण पावलेल्यांचं स्मारक माझार्गच्या युद्ध दफनभूमीत आहे. बी १ बसने स्युजितोंहून परतताना तिथे उतरता येतं. भारतीय पर्यटक क्वचितच जातात. मला वाटतं जायला हवं.

जेवणाचा प्रश्न आई-बाबा शाकाहारी असतील तर येईल. मासे आणि मांस सगळीकडे. लेस्ताक भागात 'पानीस' मिळतो का बघा, हरभऱ्याच्या पिठाचं, थापून कापलेलं, तळलेलं, आपली पाटवडी तळल्यासारखं लागतं. मुलंही आवडीने खातात.

एक संध्याकाळ काप कानायसाठी राखा, त्यासाठी मात्र गाडी लागेल. कासी ते ला सियोता असा डी १४१ रस्ता कड्याच्या माथ्यावरून जातो, कडा ३९४ मीटर उंच, फ्रान्समधल्या सर्वात उंच समुद्रकड्यांपैकी. पश्चिमेला पांढरी चुनखडी आणि इथे पायाखाली तांबूस-पिवळा वालुकाश्म आणि गोट्यांचा खडक, हा बदल वरून एका नजरेत दिसतो. आई गाडीतून उतरून दहा पावलांत सज्ज्यावर पोहोचतील. पण कड्याला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, मुलाचा हात सोडू नका. जोराच्या वाऱ्यात आणि आगीच्या धोक्याच्या दिवशी हा रस्ताही बंद होतो, त्यामुळे निघण्याआधी पुन्हा एकदा नकाशा बघा.

उद्यानात सिगारेट वर्षभर बंद, शेकोटी बंद, तंबू टाकून रात्र काढणंही बंद. कालांकच्या तळाशी मोबाइलला रेंज जाते-येते. अडचण आलीच तर थोडं वर चढून ११२ लावा आणि वाटेवरच्या खुणेचा रंग किंवा पाटीवरचं नाव सांगा, सुटका करणारे त्यावरून जागा ओळखतात. आत्ता तुमच्या हातात एवढंच आहे: राहण्याची जागा रद्द करता येईल अशी बुक करा, ॲप फोनवर घ्या, आणि स्युजितोंच्या पाण्यापर्यंत उतरायचंच असेल तर तीन दिवस आधीची तारीख कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवा. शनिवार-रविवारच्या जागा लवकर जातात, मंगळवार-बुधवारच्या बऱ्याचदा मिळतात.